मुठीएवढं इंजिन विकत घेताना

मी मुलुंडहून बोलतेय. बचत गटांच्या कामात शिलाई मशीन, घरघंटी, शेवयांचं मशीन यांची कर्जं आपल्या सवयीची आहेत. पण गेल्या पावसाळ्याआधी आमच्या एका गटापुढे वेगळाच अर्ज आला. एका ताईंच्या लेकीला कॉलेजात खेळण्यातलं नव्हे, खरंच उडणारं छोटं विमान बनवायचं होतं आणि त्यासाठी तिला इंजिन हवं होतं. त्याच बैठकीत दुसऱ्या ताईंनी गावच्या काजूच्या बागेसाठी गवत कापायचं मशीन मागितलं. दोन्ही अर्ज एकाच वहीत, एकाच पानावर. आणि प्रश्नही एकच होता, स्वस्तातलं घ्यावं की महागातलं?

हा प्रश्न एकच कसा, ते आधी सांगते. मॉडेल विमानाचं इंजिन मुठीत मावतं. गवत कापायच्या मशीनचं इंजिन मोठ्या भोपळ्याएवढं असतं. पण यातली बहुतेक आतून एकाच घराण्यातली. टू-स्ट्रोक. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेरीला आत एक भडका होतो आणि पिस्टनला ढकलतो. यांच्यात तेलाची वेगळी टाकी नसते, तेल इंधनातच मिसळायचं असतं. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाचंही बहुधा तसंच. त्यामुळे लहान इंजिन पारखायला शिकलात की मोठंही निम्मं पारखता येतं. लहानाचा फायदा असा की ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून, बोटांनी तपासता येतं.

आपल्या उपनगरांना विमान नवीन नाही. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूच्या धावपट्टीवर उतरले. चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर माणसं बसतील असं विमान बांधलं, ते २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पवईच्या आयआयटीत विमानशास्त्राचा अख्खा विभाग आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलामुलींना मॉडेल विमान बनवायला शिकवतात. तेव्हा चाळीतल्या मुलीने इंजिन मागितलं यात नवल काही नाही. नवल वाटलं ते किमतींचं. दिसायला सारखीच दोन इंजिनं, एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट.

स्वस्त म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही. पूर्वी कोलकात्यात ‘अरोरा’ नावाची छोटी डिझेल इंजिनं बनत, कितीतरी हौशी मुलं त्यांच्यावर शिकली. स्वस्त इंजिनात बऱ्याचदा धातू बरा असतो, आकारही बरोबर असतो, पण शेवटचा हात फिरलेला नसतो. कडा घासलेल्या नसतात, आत धातूचा चुरा राहिलेला असतो, स्क्रू कमअस्सल असतात. यातलं काही आपण घरी नीट करू शकतो, काही कधीच नीट होत नाही. पारख करायची ती एवढ्याचसाठी.

सगळ्यात आधी दाब. मिस्त्री त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. सायकलला हवा भरायचा पंप आठवा. तोंडावर बोट दाबून दांडा ढकलला की आत हवा दाबली जाते आणि दांडा मागे उसळतो. इंजिनाचंही तसंच. मॉडेल इंजिनाला पुढे पंखा लावून तो हाताने हळूहळू फिरवायचा. प्लग बसवलेला हवा, टाकीत इंधन नको. पिस्टन वर येतो तसा पंखा जड होत जातो. तिथे थांबा, सोडू नका. मनात पाच आकडे मोजा. दाब टिकून राहिला आणि सोडल्यावर पंखा उलटा उसळला तर इंजिनाची छाती चांगली आहे. मोजता मोजताच पंखा मऊ पडला तर हवा कुठूनतरी निसटतेय.

कुठून, ते शोधायला तेलाचे चार थेंब पुरतात. डोक्याच्या सांध्यावर, प्लगच्या भोवती तेल सोडायचं आणि परत पंखा फिरवायचा. कुकरच्या झाकणातून वाफ जाते तिथे फसफसतं ना, तसे बुडबुडे येतील. डोक्यापाशी आले तर कदाचित नुसते स्क्रू ढिले असतील. ते समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, असे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने सगळे नाही. डब्याचं झाकण एकाच बाजूला दाबलं की दुसरी बाजू उचलते, तसंच होतं. पण बुडबुडे कुठेच नाहीत आणि तरी दाब जातोय, तर हवा पिस्टनच्या कडेने जातेय. पिस्टनला रिंग असेल तर ती काही वेळ चालून बसते आणि दाब वाढतो. रिंग नसलेला पिस्टन नवा असतानाच ढिला असेल, तर ते इंजिन दुकानातच ठेवा.

इथे एक गंमत आहे, तिच्यामुळे पुष्कळ लोक चांगलं इंजिन परत करतात. काही मॉडेल इंजिनांत पितळेच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ही नळी वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद ठेवतात. इंजिन तापलं की पितळ पसरतं आणि फट अगदी बेताची होते. पण थंड असताना पिस्टन टोकाला अडकल्यासारखा वाटतो, कधी कधी चिर्र असा आवाजही येतो. हा दोष नाही, हीच त्याची नवेपणाची खूण. जोर लावून फिरवू नका, आधी केस वाळवायच्या यंत्राने किंवा उन्हात ठेवून कोमट करा. उलट असं इंजिन थंड असतानाच लोण्यासारखं फिरलं, तर मला शंका येते.

दाबानंतर खुळखुळा बघायचा. जात्याचा खुंटा ढिला झाला की दळताना हाताला कळतं, पीठ बघावं लागत नाही. इंजिनाचा दांडा तसाच हाताला सांगतो. पुढचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. बारीकशी हालचाल असली तरी चालते, तेलाला जागा लागते. पण ‘टक’ असा आवाज आला किंवा डोळ्याला हालचाल दिसली तर बेअरिंगची जागा मोठी कोरली गेलीय. ती घरी दुरुस्त होत नाही. दांडा पुढे-मागे थोडा सरकतो, तो चालेल.

आतल्या जोडदांड्याची परीक्षा थोडी नाजूक. पिस्टन वरच्या टोकापाशी आणा आणि पंखा अगदी थोडा डावी-उजवीकडे हलवा. पंखा हलतो पण पिस्टन हलत नाही, असं अंतर जास्त असेल तर दोन्ही टोकांची भोकं सैल आहेत. असं इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेतं, तिथे केसाएवढी ढिलाई हातोड्यासारखी आपटते. मग हा दांडा एक दिवस तुटतो आणि जाताना पिस्टन, नळी सगळं घेऊन जातो.

धूर बाहेर पडतो त्या खिडकीतून टॉर्चने आत बघा. मोबाइलचा चालेल. खिडकीच्या कडा दातेरी आहेत का? पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का? आत चमचमणारा चुरा आहे का? चुरा असला तर घाबरू नका, पण तसंच सुरूही करू नका. मॉडेल इंजिनाचं मागचं झाकण बहुतेक चार स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते काढून, रॉकेल किंवा डिझेलने आतून धुवून, वाळवून, तेलाचे थेंब सोडून परत बसवायचं. तांदूळ निवडल्याशिवाय आपण शिजवतो का? स्वस्त इंजिन धुतल्याशिवाय चालवायचं नाही. गवताच्या मशीनचं इंजिन मात्र उघडू नका, गॅरंटी जाते. तिथे दोर हळू ओढून दाब बघा, खरखर ऐका, आणि दुकानदाराला सुरू करून दाखवायला सांगा. थंड असताना एकदा आणि बंद करून गरम असताना परत एकदा. गरम झाल्यावर सुरू न होणारं मशीन बागेत तुमचा जीव काढेल.

बाहेरून चकाकी असली म्हणून भुलू नका. आणि वरून खडबडीत दिसलं म्हणून टाकूनही देऊ नका. मी बघितलेलं एक इंजिन वरून ओबडधोबड ओतीव होतं, आतली नळी मात्र आरशासारखी. वरचा पॉलिश स्वस्तात होतो, आतली गोलाई नाही. ‘५२ सीसी’, ‘तीन हॉर्सपॉवर’ असली स्टिकरं तर मी वाचतसुद्धा नाही. स्टिकर छापायला काय लागतं?

इंधनाची सुई तपासायला एक छोटी रबरी नळी पुरे. नळी इंधनाच्या तोंडाला लावून, सुई पूर्ण बंद करून फुंकायचं. हवा जाता कामा नये. मग अर्धा फेरा उघडून फुंकायचं, थोडी जाईल, अजून उघडली की जास्त. सुई मध्येच सैल फिरत असेल किंवा हात लावल्याशिवाय सरकत असेल तर इंजिन कधीच एका सुरात चालणार नाही, सारखं वर-खाली होत राहील आणि तुम्ही मिस्त्रीकडे चकरा मारत राहाल. नवी सुई मात्र वेगळी मिळू शकते, एवढ्यासाठी चांगलं इंजिन सोडू नका.

आणि मिळू शकते का, हाच माझ्या मते किमतीपेक्षा मोठा प्रश्न. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलं की यंत्रांची, बेअरिंगची, हत्यारांची दुकानंच दुकानं. तिथे किंवा तुमच्या तालुक्याच्या बाजारात, इंजिन घ्यायच्या आधी सुटे भाग मागा. पिस्टनची रिंग आहे? गॅस्केट आहे? कार्बोरेटरचा पडदा आहे? दोर ओढायच्या चकतीची स्प्रिंग आहे? ‘ताई, ते बिघडतच नाही,’ असं उत्तर आलं तर समजा की त्यांच्याकडे नाही. सहा-सात हजारांचं गवताचं मशीन दोनशे रुपयांच्या पडद्यासाठी अख्खा पावसाळा पडवीत पडून राहिलं, असं आमच्या एका ताईंच्या गावी झालं. हप्ता मात्र दर महिन्याला शेकडा दोनने चालूच होता. वीस-पंचवीस हजारांच्या नावाजलेल्या मशीनला भाग मिळतात म्हणून लोक पैसे मोजतात, केवळ नावासाठी नाही. अर्थात तेवढं काम असेल तरच. वर्षातून चार दिवस गवत कापायचं असेल तर भाड्याने आणा, किंवा चार घरांत मिळून एक घ्या.

दुकानात अजून एक अनुभव येतो. प्रश्न आपण विचारतो आणि दुकानदार उत्तर देतो बरोबरच्या पुरुषाला, मग तो पंधरा वर्षांचा भाचा का असेना. मी सांगते गटातल्या दोघीतिघींनी मिळून जा. एकीने दाब बघायचा, दुसरीने टॉर्च धरायचा, तिसरीने बिलाकडे लक्ष ठेवायचं. बिल पक्कं हवं, त्यावर इंजिनाचा नंबर हवा, गॅरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का हवा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण कच्च्या चिठ्ठीवर कोणी काही करू शकत नाही.

आता इंधनाबद्दल थोडं सावकाश ऐका, कारण इथे पैशापेक्षा जास्त काही जाऊ शकतं. मॉडेल विमानाच्या ज्या इंजिनात तापणाऱ्या तारेचा प्लग असतो, त्याचं इंधन पेट्रोल नसतं. ते मिथेनॉल असतं, त्यात एरंडेल तेल आणि थोडं नायट्रोमिथेन मिसळलेलं. एरंडेल आपल्या ओळखीचं, आजीच्या चमच्यातलं. प्रचंड तापातही ते धातूवरची पकड सोडत नाही, म्हणून विमानाच्या इंजिनांत पहिल्या महायुद्धापासून वापरलं जायचं. पण मिथेनॉल विष आहे. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं दारू पिऊन गेली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. अगदी थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात. ते पाण्यासारखं दिसतं आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी भरू नका, कुलपात ठेवा आणि तोंडाने नळी ओढून काढू नका. घरात कोणी पिणारं असेल तर इंधन घरात आणूच नका, कॉलेजच्या प्रयोगशाळेतच राहू द्या. आमच्या गटाने त्या मुलीच्या कर्जाला ही एकच अट घातली आणि तिने ती लगेच मानली.

गवताच्या टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचंच तेल लागतं. पुस्तिकेत २५ ला १ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलि तेल, ५० ला १ असेल तर २० मिलि. खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजा, अंदाजाने ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून जातो आणि मग दुकानदार बरोबर म्हणतो की चूक तुमची. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर त्याचं तेल वेगळं भरतात, पेट्रोलमध्ये अजिबात नाही. म्हणून घेतानाच विचारा, कोणतं आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचे रबरी भाग खराब करतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

नवं इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने पळवायचं नाही. नव्या सुनेला पहिल्या दिवशी अख्ख्या वाड्याचं काम कोणी सांगितलं तर काय होईल? मॉडेल इंजिन सुरुवातीला सुई जास्त उघडी ठेवून, म्हणजे इंधन भरपूर देऊन, दोन-दोन मिनिटं चालवतात, मग पूर्ण थंड होऊ देतात. असं आठ-दहा वेळा. गवताचं मशीन पहिल्या दोन-तीन टाक्या अर्ध्या वेगात. त्यानंतर प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर छान. काळं आणि ओलं असेल तर इंधन किंवा तेल जास्त होतंय. पांढरं फटक दिसलं तर इंधन कमी पडतंय, आणि हे सगळ्यात वाईट, कारण इंजिन तापून जातं. स्वस्त इंजिनाचं आयुष्य या पहिल्या दोन तासांवर फार अवलंबून असतं. लोक मात्र घाई करतात आणि मग स्वस्त माल म्हणून नावं ठेवतात.

काही गटांकडे आता ड्रोन येताहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. त्यात इंजिन नसतं, विजेच्या मोटारी असतात. त्यांचीही पारख हातानेच सुरू होते. मोटार बोटाने फिरवली की आत चुंबकांमुळे ठेचकाळत फिरते, तो दोष नाही, प्रत्येक ठेच सारखी असली पाहिजे. मध्येच खरखर आली किंवा दांडा डुगडुगला तर बेअरिंग गेलं. बाकी ड्रोनबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर.

उडवण्याबद्दल एवढंच, की आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या डोक्यावरून मोठी विमानं उतरत असतात. विमानतळाच्या जवळपास मॉडेल किंवा ड्रोन उडवायला परवानगी नाही, आणि मुंबई पोलिसांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात. आमच्या त्या मुलीचं विमान कॉलेजच्या सरांबरोबर, मुंबईबाहेरच्या परवानगीच्या मैदानावर उडणार आहे. गावाकडे मोकळं रान असलं तरी विजेच्या तारा आणि माणसं बघूनच. तो छोटा पंखा बोट कापतो, इंजिन सुरू असताना समोरून हात नेऊ नका. पदर, ओढणी, मोकळे केस बांधून घ्या. गवताच्या मशीनला चष्मा आणि पात्याचं कव्हर हवंच.

जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं, तर तेही बघायला हरकत नाही. बरीच जुनी मॉडेल इंजिनं जाम झालेली मिळतात आणि विकणारा ती भंगाराच्या भावात देतो. त्यांतली कितीतरी मोडलेली नसतात. आतलं एरंडेल वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखं चिकटलेलं असतं. पक्कड लावून दांडा पिळला तर मात्र चांगलं इंजिन तुमच्याच हातून मोडेल. गरम हवा देऊन कोमट करा, तेलाचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पंखा लावून हळूच फिरवून बघा. हललं तर मघाशी सांगितलेल्या सगळ्या परीक्षा पहिल्यापासून घ्या. तरी हललं नाही आणि खिडकीतून तांबेरा दिसला, तर विकणाऱ्याला परत द्या. म्हणून जुनं इंजिन घेताना पैसे देण्याआधी एका रात्रीची मुदत ठरवून घ्या.